साखळीची 'वाढ' आणि वंगणाचे प्रयोजन

मोटारसायकलची साखळी काही महिन्यांच्या वापरानंतर सैल पडते आणि मग ती 'ताणली गेली' असे म्हटले जाते. दुरुस्तीच्या दुकानात हाच शब्द चालतो, मालकही तोच वापरतो, आणि इंग्रजीतही या घटनेला ताणले जाण्याच्या अर्थाचाच शब्द रूढ आहे. वास्तविक साखळीच्या पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. नेहमीच्या वापरातील ओढ पोलादाच्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेच्या पुष्कळ आत असते. ओढ गेली की पट्टी पूर्ववत होते. लांबी वाढते ती सांध्यांमध्ये, डोळ्यांना न दिसणाऱ्या झिजेमुळे. हा भेद केवळ शब्दांचा आहे असे मानू नये. साखळी ताणली जाते अशी ज्याची समजूत आहे तो मागचे चाक थोडे मागे सरकवून साखळी घट्ट करतो आणि काम संपले असे समजतो. ती आतून झिजते हे ज्याला उमगले आहे, त्याच्यापुढे वंगण नेमके कोठे पोचले पाहिजे आणि कोणती घाण कोणत्या रीतीने काढली पाहिजे, हे प्रश्न उभे राहतात.

हल्लीच्या साखळीची मूळ रचना हान्स रेनॉल्ड याची. जन्माने स्विस असलेल्या या अभियंत्याने १८७९ मध्ये इंग्लंडातील सॅलफर्ड येथील जेम्स स्लेटर याचा साखळ्या बनविण्याचा धंदा विकत घेतला आणि १८८० मध्ये बुश व रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या साखळीत पिनेचा भार पातळ पट्ट्यांच्या भोकांच्या कडांवरच येत असे. रेनॉल्डने आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घट्ट बसविला. बाहेरच्या पट्ट्यांना जखडलेली पिन त्या बुशातून घातली. आणि बुशावर सैल फिरणारा रोलर चढविला. वर पाहता ही किरकोळ सुधारणा वाटते. परंतु दीड मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्यांच्या कडा आणि सुमारे ११ मि.मी. लांबीचा बुश यांची तुलना केली, तर भार पेलणारे क्षेत्र जवळजवळ चौपट झाले हे ध्यानात येते. शिवाय दंतचक्राच्या दातावर घासण्याचे काम रोलरकडे गेले आणि ओढ पेलत वळण्याचे काम पिन व बुश यांच्याकडे राहिले. साखळीच्या निगेचा सारा विचार या कामाच्या वाटणीवर आधारलेला आहे.

पिन व बुश यांवर पडणारा भार किती असतो, याचा एक ढोबळ हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. १०० घन सेंटिमीटरच्या आसपासचे इंजिन असलेल्या साध्या गाडीत इंजिनाचे परिबल ८ न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरमध्ये ते पुढच्या दंतचक्रापर्यंत येताना १२ पट होते, असे धरू. दंतचक्र १४ दातांचे व साखळी अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. पिचाची असल्यास चक्राची कार्यकारी त्रिज्या २८.५ मि.मी. येते आणि साखळीवरची ओढ सुमारे ३४० किलोग्रॅम भरते. पिन व बुश यांचे भार पेलणारे क्षेत्र साधारण ५० चौरस मि.मी. धरले, तर दर चौरस मिलिमीटरला सात किलोग्रॅमच्या जवळपास दाब झाला. चढावर, मागे माणूस बसलेला असताना, गाडी जागची हलते तेव्हाची ही स्थिती आहे.

आता हालचालीचा विचार करू. साखळीचा प्रत्येक सांधा एका फेऱ्यात चार वेळा वळतो वा सरळ होतो : पुढच्या चक्रावर चढताना, त्यावरून उतरताना, मागच्या चक्रावर चढताना आणि उतरताना. मागचे चक्र ४२ दातांचे, साखळी ११२ कड्यांची आणि चाकाचा घेर १.९ मीटर असल्यास एका किलोमीटरमध्ये साखळीचे सुमारे १९७ फेरे होतात. म्हणजे ५०० किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक सांधा जवळजवळ ४ लाख वेळा हलतो. या हालचालींपैकी निम्म्या खालच्या सैल बाजूस होतात आणि त्यांची फारशी क्षिती बाळगण्याचे कारण नाही. झीज होते ती ओढीखाली होणाऱ्या हालचालींत, म्हणजे वरच्या बाजूने पुढच्या चक्रावर चढताना आणि मागच्या चक्रावरून सुटताना. पुढच्या १४ दातांच्या चक्रावर सांधा २५.७ अंशांतून वळतो, मागच्यावर केवळ ८.६ अंशांतून. तेव्हा घासण्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग एकट्या पुढच्या लहान चक्राच्या पदरी पडतो. वेग वाढविण्याच्या वा गाडीचा 'ओढा' वाढविण्याच्या हौसेने दंतचक्रे बदलणाऱ्यांनी हे गणित अवश्य मांडून पाहावे. पुढचे चक्र जितके लहान, तितके साखळीचे आयुष्य कमी.

या सांध्यातील वंगणाची अडचणही येथेच स्पष्ट होते. सतत एका दिशेने वेगाने फिरणाऱ्या दंडाखाली तेल ओढले जाऊन त्याचा अखंड थर तयार होतो आणि धातूला धातू लागत नाही. साखळीची पिन तशी फिरत नाही; ती थोडी वळते, थांबते आणि उलट वळते. अशा हालचालीत तेलाचा जाड थर टिकत नाही. पृष्ठभागाला चिकटून राहिलेल्या अत्यंत पातळ पापुद्र्यावरच काम भागवावे लागते. तो पापुद्रा नाहीसा झाला की धातूचे सूक्ष्म कण सुटतात आणि सुटलेले कण पुढील झिजेची हत्यारे बनतात. १२.७ मि.मी. पिचाच्या साखळीची लांबी एक टक्क्याने वाढण्यास दर सांध्यामागे केवळ ०.१२७ मि.मी. झीज पुरते, आणि ११२ कड्यांच्या साखळीत ती एकूण १४ मि.मी. होऊन दिसते.

ही वाढ मोजावी ती साखळी ताणून धरून, २१ पिनांमधील म्हणजे २० पिचांचे अंतर घेऊन. पाच-अष्टमांश इंच पिचाच्या साखळीत नवे अंतर ३१७.५ मि.मी. असते. त्याची कमाल मर्यादा काही उत्पादक ३२३ मि.मी. देतात, तर काही ३१९.४ मि.मी.वरच थांबतात. पहिली वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहे व दुसरी अवघी ०.६ टक्का. इतकी तफावत असताना सर्वांना लागू पडणारा एकच आकडा सांगत बसण्यात अर्थ नाही; ज्या गाडीची साखळी, त्या गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादा प्रमाण मानावी. साखळीच्या ठिकठिकाणी मोजले असता आकडे सारखे येत नाहीत, हेही पाहण्यासारखे असते. सर्व सांध्यांना वंगण सारखे मिळालेले नसते, हा त्याचा सरळ अर्थ होय.

या झिजेचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, आतल्या कडीतील दोन रोलरांमधले अंतर झिजेने बदलत नाही, कारण दोन्ही बुश त्याच पट्ट्यांत जखडलेले असतात. वाढते ते एका आतल्या कडीपासून पुढच्या आतल्या कडीपर्यंतचे, बाहेरच्या कडीतील अंतर. म्हणून झिजलेल्या साखळीत एक अंतर मूळचे आणि एक वाढलेले, असे आळीपाळीने येते. साखळीच्या कड्या सामान्यतः समसंख्य असतात. दंतचक्राचे दातही समसंख्य असल्यास ठराविक दातांच्या वाट्याला नेहमी ठराविक प्रकारचीच कडी येते. दात विषम असले तर झीज सर्वांवर वाटली जाते.

वंगण पिन व बुश यांच्यामध्ये कसे पोचवावे, हा प्रश्न जुन्या उघड्या साखळीत फार कष्टाने सोडविला जाई. साखळी काढून रॉकेलमध्ये धुवावी, टांगून निथळावी, नंतर ग्राफाइट मिसळलेल्या घट्ट ग्रीसच्या डब्यात ठेवून डबा मंद आचेवर तापवावा, अशी रीत होती. ग्रीस वितळून पातळ होई आणि साखळीतून बुडबुडे येऊ लागत. हे बुडबुडे सांध्यांतील हवेचे. ते थांबले म्हणजे हवेची जागा वंगणाने घेतली असे समजावे आणि साखळी बाहेर काढून टांगावी. थंड होताना आतले ग्रीस पुन्हा घट्ट होऊन तेथेच राही. स्वयंपाकघरातील शेगडीवर हा प्रयोग करणाऱ्यांचे घरातील मंडळींशी काय संबंध राहत असतील ते सोडा. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही रीत निर्दोष होती. तिच्यापुढे वरून तेलाचे चार थेंब टाकणे अगदीच अपुरे, कारण बाहेरची व आतली पट्टी यांमधील अरुंद फटीतून केशाकर्षणाने जेवढे शिरेल तेवढेच तेल पिनेपर्यंत पोचते. १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी ७५० या गाडीत पुढच्या दंतचक्राच्या दंडातूनच साखळीला तेल पुरविण्याची सोय होती. शक्तिमान गाड्यांना साखळीचा प्रश्न किती जाचत होता, हे यावरून दिसते.

पुढे १९७० च्या दशकात ओ-रिंगची साखळी प्रचारात आली आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. या साखळीत कारखान्यातच पिन व बुश यांच्यामध्ये ग्रीस भरतात आणि बाहेरच्या व आतल्या पट्टीमध्ये रबराची बारीक कडी दाबून बसवून ते कोंडून टाकतात. म्हणजे ज्या जागी वंगण पोचविण्यासाठी पूर्वी शेगडी पेटवावी लागे, तेथे ते जन्मतःच असते. मात्र बाहेरून नवे वंगण तेथे आता जाऊ शकत नाही. रबराची कडी फाटली, कडक झाली वा फुगून निसटली, की तो सांधा उघड्या साखळीच्या सांध्याहून अधिक दुर्दैवी ठरतो. त्याचे ग्रीस धुऊन जाते आणि त्याची खबर कोणाला लागत नाही. यास्तव अशा साखळीची निगा ही मुख्यतः रबराच्या कड्यांची निगा होय.

मग अशा साखळीला वरून तेल लावायचेच कशाला, असा प्रश्न विचारला जातो आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. त्याची उत्तरे तीन आहेत. रोलर व बुश यांमधील जागा रबराने बंद केलेली नसते. तेथे वंगण बाहेरूनच मिळावे लागते. रोलर दातावर आदळतो तेथेही तेलाच्या पापुद्र्याची गरज असते. तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : रबराची कडी ज्या पोलादी पट्टीवर टेकते ती गंजली, तर गंजाच्या खडबडीत पृष्ठभागावर रबर प्रत्येक वळणाबरोबर कातरले जाते. कोरडे रबरही लवकर झिजते. तेव्हा वरचे तेल आतल्या ग्रीसचे रक्षण अप्रत्यक्षपणे करते.

स्वच्छतेच्या बाबतीत जुन्या सवयींनी सर्वाधिक नुकसान होते ते याच ठिकाणी. उघडी साखळी पेट्रोलने धुतली तरी तिचे काही बिघडत नसे. फक्त नंतर तेल द्यावे लागे. पेट्रोलमुळे आग लागण्याचा धोका अर्थातच तेव्हाही होता. ओ-रिंगच्या कड्या बहुधा नायट्राइल रबराच्या असतात. पेट्रोल, थिनर यांसारख्या द्रवांत असे रबर फुगते वा त्यातील मृदुकारक द्रव्ये निघून जाऊन ते ठिसूळ बनते. तारेचा ब्रश रबराला ओरखडे पाडतो. जोराच्या पाण्याचा फवारा वाळूचे कण कडीच्या ओठाखाली लोटतो आणि पाणी आत घालतो. गाड्या धुण्याच्या केंद्रात साखळीवर असा फवारा समाधानाने मारला जातो, तो साखळीच्या मुळावर येतो. उत्पादकांच्या पुस्तिकांतून बहुधा रॉकेलची शिफारस आढळते. रॉकेल मळ सोडविते आणि पेट्रोलच्या मानाने रबराला सौम्य असते. तेही मऊ ब्रशाने लावून लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. साखळी त्यात बुडवून ठेवू नये. रॉकेल मिळणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, त्यामुळे ओ-रिंगला चालेल असे स्पष्ट लिहिलेले तयार फवारे वापरले जातात. ग्रीसमध्ये तापविण्याची जुनी रीत या साखळीला लावणे तर सर्वस्वी चूक आहे. वितळलेले ग्रीस आत जाणार नाही आणि उष्णतेने रबर मात्र खराब होईल.

घाणीचे स्वरूपही प्रदेशपरत्वे बदलते. देशावर उन्हाळ्यात कोरडी धूळ असते. ती चिकट वंगणावर बसून काळा, घट्ट लेप तयार होतो. कोकणात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची जांभ्याची तांबडी माती चिखल होऊन उडते. जांभ्यात लोखंडाची ऑक्साइडे भरपूर असतात. सोनार ज्या तांबड्या भुकटीने चकाकी आणतात तीही लोखंडाचे ऑक्साइडच होय, हे लक्षात घेतले म्हणजे तेलात कालवलेली ही माती साखळीत काय करीत असेल याची कल्पना येते. येथे निदानाची एक अडचणही उद्भवते. कोरड्या पडलेल्या सांध्यातून पिनेच्या टोकाशी लालसर तपकिरी भुकटी बाहेर येते. ती घासून निघालेल्या व गंजलेल्या पोलादाची असते आणि त्या सांध्याचे वंगण संपल्याची ती सर्वांत विश्वसनीय खूण आहे. कोकणातल्या गाडीवर ही खूण मातीच्या रंगात हरवते. म्हणून तेथे साखळी प्रथम पूर्ण धुऊन, तेल देऊन, एकदोन दिवस कोरड्या रस्त्यावर चालवून मग पाहावी. सर्व साखळी स्वच्छ राहिली आणि मोजक्या पिनांशीच तांबूस कडा दिसली, तर तो रंग मातीचा नव्हे.

वंगण कोणते, याविषयी फार वाद होतात. एस.ए.ई. ९० च्या आसपासचे गिअर ऑइल बहुतेक पुस्तिका मान्य करतात आणि ते पुरेसे आहे. तयार फवाऱ्यात वंगण एका उडून जाणाऱ्या द्रवात विरघळविलेले असते. तो द्रव वंगणाला फटींत नेतो आणि उडून गेल्यावर मागे चिकट थर उरतो. फवारा मारून लगेच गाडी काढल्यास द्रव उडण्यापूर्वीच वंगण फेकले जाते, यासाठी हे काम रात्री करावे व गाडी सकाळी चालवावी. बाहेरून ग्रीसचा थर देण्याची पद्धत मात्र टाकाऊच समजली पाहिजे. ते सांध्यात शिरत नाही आणि धूळ तेवढी धरते. इंजिनातून काढलेले जळके ऑइल साखळीला लावण्याची काटकसर अनेक ठिकाणी दिसते. त्या ऑइलात काजळी, आम्ले आणि इंजिनाचे झिजलेले धातुकण असतात. ज्या कारणासाठी ते इंजिनातून काढले, त्याच कारणासाठी ते साखळीला लावू नये.

तेल लावावे ते खालच्या बाजूच्या साखळीवर, आतून, म्हणजे दंतचक्राला लागणाऱ्या अंगाने, आणि पट्ट्यांच्या कडांवर. याचे कारण केंद्रोत्सारी बल. वर धरलेल्या गाडीतच ताशी ६० किलोमीटर वेगाला साखळी सेकंदाला सुमारे ४.७ मीटर धावते आणि पुढच्या चक्रावर वळताना तेलाच्या थेंबावर त्याच्या वजनाच्या ७८ पट बल बाहेरच्या दिशेने येते. आतून लावलेले तेल या बलाने सांध्यांतून बाहेरच्या बाजूस जाते; बाहेरून लावलेले तेल सरळ चाकाच्या रिमवर आणि टायरवर जाते. नुकतीच चालून आलेली साखळी किंचित उबदार असते, त्या वेळी तेलाची श्यानता कमी होऊन ते अधिक सहज पसरते. लावल्यानंतर बाहेरचे जादा तेल पुसून काढावे. त्याचा उपयोग फक्त धूळ गोळा करण्याला होतो. ५०० ते १,००० किलोमीटरांनी, आणि पावसात भिजल्यावर प्रत्येक वेळी, हे काम करण्याचा प्रघात योग्य आहे.

धूळच येऊ न देणे हा याहून चांगला उपाय. म्हैसूर येथे १९६० च्या दशकात बनू लागलेल्या जावा गाड्यांना साखळीचे पूर्ण बंद आवरण होते. पूर्व जर्मनीच्या एम. झेड. गाड्यांत साखळीच्या दोन्ही बाजू रबरी नळ्यांतून जात. आपल्याकडील रोजच्या वापराच्या अनेक गाड्यांना पत्र्याचे पूर्ण कव्हर असते, त्यामुळे त्यांची साधी साखळीही बरीच टिकते. मात्र जी दिसत नाही ती विसरली जाते. कव्हरला रबरी बूच लावलेले एक भोक असते, ते साखळीचा सैलपणा पाहण्यासाठी. त्यातून तेलही घालता येते, परंतु सर्व सांध्यांचे परीक्षण करायचे तर कव्हर काढण्याला पर्याय नाही.

सैलपणाबद्दल थोडे सांगणे अवश्य आहे. पुढच्या दंतचक्राचा दंड, स्विंग आर्मची खीळ आणि मागचा आस ही तीन केंद्रे एका रेषेत आली की चक्रांमधील अंतर सर्वांत जास्त असते. गाडीवर भार पडून स्विंग आर्म वर येताना ही स्थिती येते. डबल स्टँडवर अगदी ताठ केलेली साखळी खड्ड्यात गेल्यावर त्यामुळे भलतीच ओढली जाते आणि तिच्याबरोबर पुढच्या दंडाचे बेअरिंगही. लहान गाड्यांत खालच्या बाजूच्या मध्यावर साधारण २० ते ३० मि.मी. हालचाल ठेवतात. चाक फिरवून जेथे साखळी सर्वांत घट्ट भासते तेथे हे माप घ्यावे. अति सैल साखळी चक्रावरून निसटते; तुटलेली वा निसटलेली साखळी पुढच्या चक्राजवळ गोळा झाली तर मागचे चाक जागच्या जागी जखडते किंवा इंजिनाचे आवरण फुटते. धावत्या गाडीवर पहिली गोष्ट प्राणावर बेतते.

प्राणावर नव्हे, पण बोटांवर बेतणारा दुसरा प्रकार स्वच्छतेच्याच वेळी घडतो. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन सुरू करून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडके लावणे सोयीचे वाटते. फडक्याचा दोरा दात व रोलर यांमध्ये सापडला की फडके आणि ते धरणारी बोटे एका क्षणात चक्राखाली जातात. इंजिन बंद, किल्ली काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरविलेले, याखेरीज दुसऱ्या कोणत्याही रीतीने हे काम करू नये. हाताने फिरवितानाही फडके चक्रापासून दूर, साखळीच्या सरळ भागावर, दातांकडे न जाणाऱ्या बाजूस धरावे.

साखळी बदलताना दोन्ही दंतचक्रे बरोबरच बदलावीत. वाढलेल्या पिचाची साखळी दातांवर वर सरकून बसते आणि दातांना आकड्यासारखा बाक देते. अशा दातांवर नवी साखळी पहिल्या दिवसापासून चुकीच्या जागी बसते. जोडकडीला चेन लॉक असल्यास त्याचे मिटलेले टोक साखळीच्या गतीच्या दिशेने हवे, म्हणजे काही आपटले तरी ते निघत नाही. वरच्या बाजूस साखळी पुढे धावते, तेव्हा तेथे मिटलेले टोक इंजिनाकडे दिसले पाहिजे. तीच कडी खालच्या बाजूस आली की ते मागच्या चाकाकडे दिसते, आणि लॉक उलटे बसले आहे असे समजून ते फिरविण्याची चूक तेथे सहज होऊ शकते.